पांढरी चारातलं ‘धक्का स्टार्ट’

"उल्के, बटण?" मी स्टिक्स तोंडासमोर धरून पुटपुटलो.

"दाबलंय," उल्का ओठ न हलवता म्हणाली. "तू तुझं बघ."

तिकडे संग्राम हेडफोन चढवून, घसा खाकरून माईकसमोर असा उभा राहिला होता की जणू अख्खं स्टेडियम भरलंय. प्रत्यक्षात समोर ड्रमच्या मागे बसलेला मी, बाजूला कीबोर्डवर उल्का, स्टुलावर गिटार घेऊन निसार आणि काचेपलीकडे पुण्याहून आलेली रेकॉर्डिंगवाली शर्वरी. एवढीच काय ती पब्लिक.

"मूळ पट्टीत हां," त्याने हात वर करून जाहीर केलं. "काळी चार म्हणजे काळी चार! पोरांना कळू दे की पन्नाशीनंतरही वरचा लागतो."

"लागतो की. न लागायला काय झालं?" निसार गिटारमध्ये तोंड घालून म्हणाला.

मी चार ठोके दिले आणि आम्ही बिनदिक्कत पांढरी चारात सुरू केलं.

पेटीच्या पट्ट्यांशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढरी चार ही काळी चारच्या चांगली खाली. गाणारा तोच, गाणं तेच, पण वर चढायचा डोंगर तेवढा बुटका केलेला. आणि हा डोंगर आम्ही तिघांनी मिळून, संग्रामला पत्ता लागू न देता, गेली काही वर्षं हळूहळू तासत आणला होता.

ही रेकॉर्डिंगची गोष्ट सहा-सात वर्षांपूर्वीची. आमच्या बँडचं नाव ‘पाचवा गिअर’. कोल्हापुरात इंजिनिअरिंगला असताना काढला, आणि इंजिनिअरिंग सोडून सगळ्यात आम्ही पास झालो. ‘धक्का स्टार्ट’ हे आमचं गाणं एके काळी गॅदरिंगपासून वरातीपर्यंत सगळीकडे वाजायचं. निसारच्या अब्बांची स्कूटर होती, धक्का मारल्याशिवाय सुरूच व्हायची नाही, तिच्यावरचं गाणं. पुढे बास गिटारवाला कॅनडाला गेला आणि बासचं काम उल्काच्या डाव्या हाताकडे आलं. संग्राम इंगवले साखर कारखान्यात लेबर ऑफिसर झाला, उल्का शेटे इचलकरंजीच्या शाळेत संगीत शिकवायला लागली, निसार मुजावरने घरची फाउंड्री सांभाळली आणि मी, मुकुंद टिपुगडे, टायरचं दुकान टाकलं. पण बँड सुटला नाही. वर्षाकाठी दहा-बारा शो व्हायचेच.

मग एकदा जयसिंगपूरच्या शोला संग्रामचा वरचा सूर फाटला. चांगला टराटरा फाटला. पुढच्या रांगेतली दोन पोरं हसली. परतीच्या गाडीतून घराशी उतरताना म्हणाला, "मुक्या, पुन्हा असं झालं ना, तर मी माईक ठेवणार. हसं करून घेऊन गाण्यात काय अर्थ आहे?"

संग्या बोलला की करतो. ह्याच माणसाने एकदा ‘आजपासून चहा बंद’ म्हटलं आणि पंधरा वर्षं चहाला शिवला नाही. तेव्हा आम्ही तिघे माझ्या दुकानात टायरांच्या थप्पीवर बसलो आणि कट शिजवला. उल्काच्या कीबोर्डला एक बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्याच पट्ट्यांवर फिरतात आणि आवाज मात्र खालचा येतो. निसारने गिटारला जाड तारा लावून त्या तेवढ्याच ढिल्या केल्या. माझं काम सोपं, ड्रमला पट्टी नसते. मी फक्त शोच्या आधी ‘बटण?’ विचारायचं आणि संग्याला बोलण्यात गुंतवायचं. कीबोर्डवरचा आकडा त्याला दिसू नये म्हणून उल्काने त्यावर गणपतीचं स्टिकर चिकटवलं होतं. संग्या शोच्या आधी त्या गणपतीच्या पाया पडायचा. आम्ही तिघे इकडेतिकडे बघायचो.

त्याला कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. एक तर तो कुठलंच वाद्य वाजवत नाही, कीबोर्डवर जो सूर ऐकू येईल तिथून गाणं उचलतो. आणि दुसरं म्हणजे स्वतःची जुनी गाणी तो चुकूनही ऐकत नाही. "त्या पोराचा मला हेवा वाटतो," म्हणतो.

तर असा हा सगळा मामला असताना आमचा नवा अल्बम ठरला. तेरा-चौदा वर्षांनी! निसारने फाउंड्रीतली एक जुनी शेड रिकामी करून, भिंतींना गाद्या ठोकून तिथे स्टुडिओ उभा केला. शेजारी दिवसभर घण आणि ग्राइंडर चालायचे, म्हणून रेकॉर्डिंग फक्त सोमवारी, उद्यमनगरातल्या सगळ्या कारखान्यांना सुट्टी असते तेव्हा. शर्वरी गोखले रविवारी रात्रीच्या गाडीने यायची आणि सोमवारी संध्याकाळी परत जायची. कामाला चोख, बोलायला गोड, आणि कान असे तिखट की निसारच्या पोटात भूक लागली तरी तिला हेडफोनमध्ये कळायचं.

मला ह्या अल्बमची किती हाव होती ते सांगायला लाज कशाला वाटायला हवी? टायर विकणं वाईट नाही, पण मेल्यावर लोकांनी ‘टायरवाला टिपुगडे गेला’ म्हणू नये एवढीच इच्छा होती. त्यात मधे माझ्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले होते, ड्रम विसरा. मी वर्षभरात पुन्हा वाजवायला बसलो. त्यामुळे हा अल्बम मला हवाच होता, आणि तो होईपर्यंत संग्याला पट्टीचा पत्ता लागता कामा नये, ह्याची मला तिघांत सगळ्यात जास्त धास्ती.

पहिल्याच सोमवारी शर्वरी म्हणाली होती, "दादा, हेडफोनमध्ये टिकटिक देते, त्यावर वाजवा. लय पक्की राहते."

मी काही बोलायच्या आत संग्या उसळला. "टिकटिक बिकटिक नाही! चौघं एका खोलीत, एकमेकांकडे बघून वाजवणार. आम्ही पहिल्यापासून असंच करतो. आणि घड्याळ काय करायचंय? आमचा मुक्या हेच आमचं घड्याळ."

मला भरून आलं. निसार आणि उल्काही जोरजोरात माना हलवत होते. शर्वरीने खांदे उडवले आणि टिकटिक बंद केली.

आठ गाणी झाली. एकाहून एक. शेवटचं राहिलं ते ‘धक्का स्टार्ट’, नव्याने. तेच त्या सोमवारी आम्ही पांढरी चारात वाजवलं. संग्याने वरचा सूर असा लावला की निसार उठून त्याला मिठी मारायला गेला आणि गिटारची वायर पायात अडकून पडता पडता वाचला.

"बघितलंस?" संग्या छाती फुगवून मला म्हणाला. "काळी चार!"

"वाघ आहेस लेका," मी म्हणालो. मनात म्हटलं, सुटलो. अल्बम झाला.

तेवढ्यात काचेपलीकडून शर्वरीचा आवाज आला. "दादा, एक गंमत केलीये. मूळ गाण्याच्या सुरुवातीला स्कूटर चालू होण्याचा आवाज आहे ना? ती स्कूटर आता नाही म्हणालात, म्हणून मी तुमच्या कॅसेट कंपनीकडून जुनी टेप मागवली. जुनी सुरुवात घ्यायची, पहिली ओळ त्या वेळच्या आवाजात, आणि तिथून झपकन आजच्या गाण्यात उडी. ऐका."

मी उल्काकडे बघितलं. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. निसार ‘चहा आणतो’ म्हणून उठला, पण दारापर्यंत पोचलाच नाही. स्पीकरवर स्कूटर फुरफुरली, धडधडली, जुनी गिटार वाजली आणि तेवीस-चोवीस वर्षांचा संग्या उंच, कोवळ्या आवाजात गायला लागला. एक ओळ झाली. आणि मग आमचं आजचं गाणं, धपकन, पायरी चुकल्यासारखं खाली पडलं.

बोलली ती शर्वरीच, तिला बिचारीला काय माहीत! "दादा, जुळत नाहीये. आजचं गाणं बरंच खालच्या पट्टीत आहे. पांढरी चार. मुद्दाम घेतलंय का?"

संग्याने हेडफोन काढला. "कुठली पट्टी म्हणालीस?"

"टेप!" निसार ओरडला. "जुन्या टेपा जोरात फिरतात गं. जोरात फिरली की आवाज वर चढतो. ती टेपच खोटी आहे. आजचं बरोबर आहे."

काय डोकं चाललं पठ्ठ्याचं! मला त्याचा मुका घ्यावासा वाटला. "करेक्ट!" मी म्हणालो. "टेप जोरात फिरायलीय. आपण आहोत तिथंच आहोत."

शर्वरी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिली. "टेप जोरात फिरली असती तर पट्टी जेवढी चढली तेवढाच वेगही वाढायला हवा," ती म्हणाली. "जुन्याचा वेग जास्त आहे हे खरं. पण त्या हिशेबाने फारच थोडा जास्त. म्हणजे टेप ठीक आहे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दादा. पट्टी कुणीतरी उतरवलीये. आणि वेग आपोआप उतरलाय."

"वेग कसा उतरेल?" मी हसलो. "वेग माझ्याकडे असतो."

ह्यावर कोणी तरी हसायला हवं होतं. निसार जाड तारांकडे बघत होता. उल्का गणपतीकडे बघत होती. आणि संग्या, ज्याला आत्ता पट्टीवरून आकाशपाताळ एक करायला हवं होतं, तो रागाने लाल झालेला असूनही माझ्याकडे असा बघत होता की जणू माझ्याच घरी काहीतरी वाईट घडलंय आणि ते सांगायची पाळी त्याच्यावर आलीय.

"काय रे?" मी म्हणालो. "बोला की."

"आधी तुम्ही बोला!" संग्या कडाडला. "पट्टी कुणी उतरवली?"

"मी," उल्का म्हणाली.

"मी पण," निसार म्हणाला.

"आणि मी ठरवलं," मी म्हणालो. "जयसिंगपूरनंतर. तू माईक ठेवणार म्हणालास, म्हणून. आता माझं सांग. वेग कधीपासून उतरलाय?"

संग्या हेडफोनची वायर बोटाला गुंडाळायला लागला.

"संग्या, मी काय विचारतोय?"

"खांद्यानंतर," तो म्हणाला. "पहिली दोन मिनिटं ठीक असतोस. मग हळूहळू मागे पडतोस. तुला कळत नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं? तिघांना?"

"तुला काय वाटलं, प्रत्येक शोमध्ये मी पब्लिककडे पाठ फिरवून तुझ्यासमोर टाळ्या का वाजवत बसतो? हौस आहे? लोक तिकीट काढून माझं तोंड बघायला येतात आणि मी तुझं बघत बसतो!"

मला वाटायचं, नखरे आहेत. अंगात आलं की करतो, असं मी बायकोला कितीदा सांगितलं होतं. आणि निसार स्टेजवर पाय आपटायचा तो जोशात नव्हे, मला ठोका दाखवायला. आणि संग्या ‘आमचं घड्याळ’ म्हणून टिकटिक नको म्हणाला, ते घड्याळ मागे पडतं हे मला कळू नये म्हणून. एकेक गोष्ट डोक्यात उलटी होत गेली आणि मला असा संताप आला की विचारू नका.

"मला सांगायचं होतं!" मी उठलो. "मी काय लहान मूल आहे? माझ्या पाठीमागे तिघं मिळून नाटकं करता?"

"तू बोलतोस?" संग्याही पुढे आला. "तू? माझ्या पाठीमागे तू काय भजन करत होतास? अरे, मी त्या गणपतीच्या पाया पडायचो!"

"तुझ्या भल्यासाठी केलं!"

"मग मी काय तुझ्या वाईटासाठी केलं? डॉक्टरांनी हात टेकले होते. तू येऊन बसलास तेव्हा डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. तेव्हा सांगू? की बाबा, आलास खरा, पण मागे पडतोस?"

"सांगायचं! मी सोडलं असतं!"

"म्हणूनच नाही सांगितलं!"

"म्हणूनच आम्हीही नाही सांगितलं!"

हे असं काही वेळ चाललं. पन्नाशी उलटलेले दोन गृहस्थ एकमेकांना एकाच गुन्ह्याबद्दल शिव्या घालत होते. काचेपलीकडे शर्वरी उभी राहिली होती, तिला वाटलं आता हाणामारी होते. शेवटी उल्काने कीबोर्डवर दोन्ही हात एवढ्या जोरात आपटले की आम्ही दचकून गप्प झालो.

"झालं का तुमचं?" ती म्हणाली. "आता माझं ऐका. ह्याच्यापासून ते लपवायचं आणि त्याच्यापासून हे. उजव्या हाताने संग्याला खाली धरायचं, डाव्या हाताने मुक्याला पुढे ओढायचं. मी वाजवू कधी? मला सांगा, गेल्या कित्येक वर्षांत मी माझ्यासाठी एक गाणं तरी वाजवलंय का? दोन दोन पोरं शाळेत सांभाळल्यासारखी सांभाळतेय तुम्हाला. मला कंटाळा आलाय!"

आणि ती रडायला लागली. उल्काला मी कॉलेजपासून ओळखतो, वडील गेले तेव्हाही ती आमच्यासमोर रडली नव्हती. संग्या लगेच विरघळला. त्याने खिशातला रुमाल काढला, तो फारसा स्वच्छ नव्हता, तिने तो बघितला आणि रडता रडता परत केला.

शर्वरी आत आली. "मी काही बोलू का?" तिने विचारलं. "दोन्ही दुरुस्त होतं. कॉम्प्युटरवर आवाज काळी चारात चढवते, ड्रम ओढून जुन्या वेगात बसवते. कोणाला कळणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी संग्याकडे बघितलं. खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जुना वेग, माझा वेग, कायमचा रेकॉर्डवर! त्याच्याही मनात तेच असणार, कारण तो ओठ चावत होता.

"त्याचा वेग वाढवायचा नाही," संग्या म्हणाला. "तसा तो वाजवत नाही."

"ह्याचा आवाज चढवायचा नाही," मी म्हणालो. "कार्टून वाटेल."

"कार्टून तू!"

"मग काय करायचं?" शर्वरीने विचारलं. "हाच टेक ठेवायचा?"

संग्या बराच वेळ माईकच्या दांड्याशी चाळा करत राहिला. मला वाटलं, आता हा सरळ निघून जाईल. गेला असता तर मी अडवलं नसतं, कारण मीही स्टिक्स पिशवीत टाकून निघालोच असतो. आमच्या दोघांच्या मधे तो अल्बम लोंबकळत होता आणि निसार गिटार मांडीवर आडवी टाकून स्टुलावर बसला होता.

"हा नको," संग्या म्हणाला. "ह्यात मी काळी चारात गातोय अशा तोऱ्यात गायलोय. खोटं आहे ते. उल्के, खरं सांग, मला आरामात कुठे लागेल?"

उल्काने नाक पुसलं. "पांढरी तीन. कदाचित अजून खाली."

"मग घे पांढरी तीन. आणि ते स्टिकर काढ."

"स्टिकर राहू दे," निसार म्हणाला. "देव आहे."

"आणि मुक्या," संग्या माझ्याकडे वळला, "तुला दमायला होणार नाही असा वेग कुठला?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी स्टिक्स उचलल्या आणि हवेत हळू मोजून बघितलं. मग अजून हळू. एका जागी खांद्यातली ती कायमची कळ थांबली. तिथे मी थांबलो आणि सगळ्यांना दाखवलं.

"अरे, ही तर वरात नाही, सकाळचा फेरफटका झाला," निसार म्हणाला. पण त्याची बोटं तोवर तारांवर फिरायलाही लागली होती.

मग संग्याने एक केलं. माईकचा अख्खा दांडा उचलला आणि गर्रकन फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. माझ्याकडे त्याची पाठ. इतके सोमवार तो माझ्यासमोर उभा राहून गायला होता, हनुवटीने ठोके मोजत. आता मला फक्त त्याचा ढगळ शर्ट दिसत होता.

"हे काय?" मी विचारलं.

"गाणं म्हणायचंय," तो म्हणाला. "दे चार."

मी दिले चार. पहिल्या कडव्यात मला सारखं वाटत होतं, मागे पडतोय, पडलोच, आता हा वळून बघेल. तो वळला नाही. ‘मी ढकलतो मागून, तू हँडल सोडू नको’ ही ओळ आम्ही आयुष्यभर नाचत म्हटली होती. त्या दिवशी संग्याने ती बोलल्यासारखी म्हटली, जाड, थोड्या खरखरीत आवाजात, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ह्या ओळीला अर्थ आहे. उल्का डोळे मिटून वाजवत होती. तिचा डावा हात मला ओढत नव्हता. दुसऱ्या कडव्यानंतर मी मोजायचं विसरलो.

गाणं संपलं. झांजेचा आवाज विरेपर्यंत कोणी हललं नाही. शर्वरीने काचेपलीकडून अंगठा दाखवला आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. पुढे अल्बम निघाला, बरा चालला. कुणा समीक्षकाने लिहिलं की ‘पाचवा गिअर’ने ह्या गाण्यात विचारपूर्वक संयम साधला आहे. आम्ही तो कागद फ्रेम करून शेडमध्ये लावलाय.

पण तेव्हा, त्या शांततेत, मला एकच गोष्ट हवी होती.

"संग्या," मी म्हणालो, "मागे पडलो का रे?"

तो भिंतीकडे तोंड करूनच उभा होता. त्याने हेडफोन काढला, मान वळवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "मी गात होतो."